सिल्युएट नेमबाजी : पिस्तुलाची निवड

सिल्युएट नेमबाजी : वर्तुळे आखलेल्या कागदी लक्ष्याऐवजी माणसाच्या किंवा प्राण्याच्या सपाट, सावलीसारख्या आकृतीवर नेम धरण्याचा क्रीडाप्रकार. या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या परंपरा नांदतात. त्यांपैकी एकीसाठी योग्य ठरणारे पिस्तूल दुसरीत बहुधा निरुपयोगी असते, म्हणून शस्त्र निवडण्यापूर्वी आपण कोणत्या परंपरेत उतरणार आहोत हे नेमबाजाने ठरवणे अत्यावश्यक असते.

पहिली परंपरा ऑलिंपिकची आहे. 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूल या प्रकारात 1988 च्या सोल ऑलिंपिकपर्यंत मनुष्याकृती लक्ष्ये वापरली जात. शेजारी शेजारी उभ्या केलेल्या पाच आकृती नेमबाजाकडे कड करून उभ्या असत, ठरलेल्या क्षणी त्या समोर वळत, आणि 8, 6 किंवा 4 सेकंदांच्या अवधीत प्रत्येकीवर एक याप्रमाणे पाच गोळ्या झाडाव्या लागत. पुढे आकृतींच्या जागी गोल लक्ष्ये आली, पण पाच लक्ष्ये, पाच गोळ्या आणि 8-6-4 सेकंद हा सांगाडा आजही तोच आहे. दुसरी परंपरा मेक्सिकोतील आहे. तेथे पोलादी पत्र्यातून कापलेल्या कोंबडी, डुक्कर, टर्की पक्षी आणि मेंढा यांच्या आकृती पाचपाचच्या रांगांत मांडतात, आणि गोळी नुसती लागून भागत नाही, आकृती चौथऱ्यावरून खाली पडली तरच गुण मिळतो. हँडगनसाठी, म्हणजे हातात धरून चालवायच्या पिस्तूल व रिव्हॉल्व्हर या शस्त्रांसाठी, हा खेळ अमेरिकेत रुळला, आणि 1976 मध्ये तेथे इंटरनॅशनल हँडगन मेटॅलिक सिल्युएट असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिच्या मोठ्या काडतुसांच्या स्पर्धेत कोंबडी 50, डुक्कर 100, टर्की 150 आणि मेंढा 200 मीटरवर असतो.

पोलादी आकृतींच्या प्रकारात निवडीचा निर्णय मेंढ्यावर होतो. वीस-पंचवीस किलोंचा हा मेंढा 200 मीटरवरून पाडण्यासाठी गोळीचा वेग जितका महत्त्वाचा असतो तितकेच तिचे वजनही महत्त्वाचे असते, कारण आकृतीला ढकलणारी गोष्ट म्हणजे संवेग, आणि वजन व वेग यांचा तो गुणाकार असतो. हलकी व अतिवेगवान गोळी हवेच्या रोधाने वाटेतच वेग गमावते, पोलादावर आपटून खणखणीत आवाज करते आणि मेंढा मात्र जागचा हलत नाही. या कारणामुळे .44 मॅग्नम काडतुसाची रिव्हॉल्व्हरे आणि थॉम्पसन सेंटर काँटेंडरसारखी, एका वेळी एकच काडतूस घेणारी व नळी बदलता येणारी पिस्तुले या खेळात रूढ झाली. एकेरी पिस्तुलात नळी लांब ठेवता येते, आणि तिच्यामागे फिरते चक्र नसल्यामुळे वायू फटीतून निसटत नाही. येथे वेळेची ओढ ऑलिंपिकएवढी नसते. पाच गोळ्यांसाठी दोन मिनिटे मिळतात, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर हाताने काडतूस भरण्यात काही बिघडत नाही.

रॅपिड फायरचे गणित याच्या उलट आहे. चार सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असल्याने शस्त्र स्वयंभरणी, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप नळीत सरकवणारे, असावे लागते, आणि धक्का इतका कमी असावा लागतो की पिस्तुलाची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरील नेमखूण, उसळून पुन्हा पुढच्या लक्ष्यावर स्थिरावण्यास क्षणभरही जास्त लागू नये. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार येथे 5.6 मिमी व्यासाचे .22 लाँग रायफल काडतूस चालते, शस्त्राचे वजन 1400 ग्रॅमपेक्षा जास्त नसावे लागते, नळी 153 मिमीच्या आत असावी लागते, आणि चाप, म्हणजे ट्रिगर, ओढला जाण्यास किमान 1000 ग्रॅम भार लागला पाहिजे. शस्त्र एकाच हाताने धरायचे असते आणि लक्ष्य समोर येईपर्यंत तो हात जमिनीकडे तिरका झुकलेला ठेवावा लागतो. पार्दिनी, वॉल्थर, स्टायर, फाइनवेर्कबाउ आणि मोरिनी ही क्रीडाशस्त्रे बनवणाऱ्या कंपन्यांची नावे भारतीय मैदानांवरही परिचित आहेत, परंतु कंपनीपेक्षा मुठीचे महत्त्व अधिक आहे.

मूठ हाताला बसते की नाही हे डोळे मिटून कळते. नेमबाजाने डोळे मिटून हात सवयीप्रमाणे उचलावा आणि मग उघडून पाहावे. नळीच्या टोकावरील माशी मागील पट्टीच्या खाचेत मधोमध आलेली असेल, दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसत असेल, तर मूठ बसली असे समजावे. माशी डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेली दिसली, तर मनगट वळवून ती मध्ये आणणे हा उपाय नाही, कारण ताण पडलेले मनगट चौथ्या-पाचव्या गोळीला दगा देते. अशा वेळी लाकडी मुठीचा उंच भाग कानशीने घासावा लागतो किंवा पोकळी लाकूडभरणीने भरावी लागते. ही जुळणी किती नाजूक असते याचा हिशेब सोपा आहे. माशी आणि खाच यांतील अंतर 220 मिमी असेल आणि त्यांची जुळणी 0.1 मिमीने जरी चुकली, तरी 25 मीटरवर गोळी सुमारे 11 मिमीने बाजूला जाते, आणि त्याच पिस्तुलाने 200 मीटरवर नेम धरल्यास हीच चूक सुमारे 91 मिमी होते. म्हणून पोलादी मेंढ्यासाठी माशी-खाचेतील अंतर वाढवणारी लांब नळी आणि प्रत्येक अंतरासाठी ठरलेल्या टिचक्यांनी, म्हणजे क्लिकनी, वरखाली होऊन पुन्हा तंतोतंत मूळ जागी येणारी खाच घेतात.

उजव्या हातासाठी घडवलेली मूठ डाव्या हाताला चालत नाही, हेही खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे लागते. हंगेरीचे कारोली ताकाच यांचा उजवा हात 1938 मध्ये हातबाँबच्या स्फोटात जायबंदी झाला. त्यानंतर डाव्या हाताने सराव करून त्यांनी 1948 च्या लंडन आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये याच रॅपिड फायर प्रकारात सुवर्णपदके जिंकली. या खेळात हात घडवता येतो, आणि मूठ त्या हाताच्या मापाने घडवावी लागते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

भारतात ऑलिंपिकची परंपरा रुजली आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघाची स्थापना 1951 मध्ये झाली, आणि त्याच्या उभारणीत लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांचा पुढाकार होता. त्यांच्या नावाने अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरते. महाराष्ट्राच्या पिस्तूल नेमबाजीला मोठी उंची कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी दिली. 2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवून, आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज ठरल्या. त्यांच्या प्रकाराच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य तीनच सेकंद दिसते आणि त्यानंतर सात सेकंद अदृश्य होते, त्यामुळे रॅपिड फायरसाठी सांगितलेली मुठीची व चापाची कसोटी तेथेही तशीच लागू पडते.

मुंबईजवळच्या वसई, नालासोपारा किंवा विरार येथील होतकरू नेमबाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे मैदान मुंबईत वरळीला, महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे आहे, आणि तेथे पोहोचण्यासाठी पश्चिम रेल्वेच्या लोकलचा लांब प्रवास ठरलेला असतो. शस्त्र जड व महाग असेल तर या प्रवासाचा त्रास आणि शस्त्राची जबाबदारी दोन्ही वाढतात. त्याशिवाय खाडी आणि समुद्र यांच्या मधोमध वसलेल्या या भागात खारी हवा पोलादाला लवकर गंजवते, म्हणून पावसाळ्यात नळी आतून-बाहेरून पुसून तेलाचा पातळ थर देणे आणि शस्त्र ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह बंद पेटीत ठेवणे अटळ आहे. चामड्याची म्यान ओल धरून ठेवते, तिच्यात शस्त्र मुक्कामाला ठेवू नये. मुठीचे लाकूडही ओलाव्याने फुगते, त्यामुळे जूनमध्ये चपखल बसलेली मूठ जानेवारीत सैल वाटणे हा दोष नेमबाजाचा नसतो.

कायद्याचा भाग निवडीपूर्वीच विचारात घ्यावा लागतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली .22 पिस्तुलासाठी परवाना लागतो, आणि तो सामान्यतः 21 वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. 9 मिमी पिस्तूल प्रतिबंधित व्यासात मोडते. उलट 4.5 मिमी व्यासाचे आणि 20 जूलपर्यंत ऊर्जेचे हवेचे पिस्तूल 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यातून वगळलेले आहे. हवेच्या पिस्तुलाने सिल्युएटही खेळता येते. मूळ आकृतींच्या एक दशांश आकाराच्या कोंबडी, डुक्कर, टर्की व मेंढा 10, 12.5, 15 व 18 यार्डांवर मांडतात, आणि तेथे कागदाला गोल भोक पाडणाऱ्या चपट्या डोक्याच्या छर्ऱ्यापेक्षा गोलाकार डोक्याचा छर्रा वेग जास्त टिकवतो. चापाची शिस्त आणि मुठीची पकड या छोट्या शस्त्रावरच पक्की होते, म्हणून नवोदिताने .22 पिस्तुलाचा खर्च करण्यापूर्वी हवेच्या पिस्तुलावर एखादा हंगाम काढावा, आणि नंतरही शस्त्र स्वतःचे घेण्याआधी ते मैदानावर दुसऱ्याचे हाती घेऊन पाहावे. वसई-विरारच्या रहिवाशाने परवान्यासाठी अर्ज मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे करावयाचा असतो. हे आयुक्तालय ऑक्टोबर 2020 पासून कार्यरत आहे.