खोलावे की बदलावे?

जुन्या मालमोटारीचे इंजिन तेल पिऊ लागले, चढावर निळा धूर सोडू लागले, की मालकापुढे प्रश्न उभा राहतो: हेच इंजिन खोलून नीट करावे, की उतरवून दुसरे बसवावे? प्रश्न गॅरेजमधला दिसतो खरा. परंतु आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या सरकारी वाहनाच्या निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही केली असेल, त्यांस तो टेबलावरही भेटलेला असतो. सही झाली की वाहन भंगारात जाते, आणि त्यात किती जीव शिल्लक होता हे मागाहून कोणी विचारीत नाही. या प्रश्नाचा इतिहास पाहू गेल्यास आम्हां बंगळूरवासी मराठी मंडळींस दूर जाण्याचे कारण नाही. बेळ्ळंदूरच्या तळ्यापाशी थांबले तरी पुरे.

हे तळे अलीकडे वर्तमानपत्रांतून गाजले ते फेसामुळे आणि तेथे लागलेल्या आगींमुळे. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्याच्या पाण्यावर ‘कॅटलिना’ जातीची जलविमाने उतरत आणि दुरुस्तीसाठी जवळच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या कारखान्यात जात. हा कारखाना उभारण्यात पुढाकार होता सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचा. म्हैसूर संस्थानास भागीदार करून घेऊन त्यांनी २३ डिसेंबर १९४० रोजी कंपनी नोंदविली. हेतू विमाने बांधण्याचा होता. पण १९४२ मध्ये हिंदुस्थान सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, १९४३ मध्ये कारखान्याचा कारभार अमेरिकन हवाईदलाच्या हाती गेला, आणि बांधणी मागे पडून दुरुस्ती हेच मुख्य काम होऊन बसले. वालचंदांच्या स्वप्नाच्या दृष्टीने ही निराशाच म्हणावी लागेल. तथापि बंगळूरच्या हाती जी विद्या लागली ती या निराशेतूनच, असे मला वाटते.

कॅटलिना, डाकोटा आणि चार इंजिनांचे लिबरेटर ही तीन विमाने दिसायला एकमेकांहून किती वेगळी! परंतु तिन्हींच्या पंखांवर ‘प्रॅट अँड व्हिटनी’चे एकाच कुळीचे ‘ट्विन वास्प’ इंजिन असे: दोन वर्तुळांत मांडलेली चौदा सिलिंडरे, सुमारे तीस लिटरांचे आकारमान, बाराशे अश्वशक्ती. यातील प्रत्येक सिलिंडर स्वतंत्रपणे बोल्टांनी जोडलेले असते. एक खराब झाले तर तेवढेच काढून दुसरे बसविता येते. मालमोटारीच्या इंजिनाचे तसे नाही. तिथे सगळी सिलिंडरे एकाच ओतीव ब्लॉकात असतात. पिस्टनच्या सततच्या ये-जा करण्याने भोक वरच्या अंगास अधिक झिजते आणि गोलाचे अंडाकृती होते. मग बोअर करून ते दहा, वीस किंवा तीस हजारांश इंच मोठे करायचे आणि त्या मापाचे मोठे पिस्टन घालायचे. मर्यादा संपली की आतून लायनर ठोकायचा. क्रँकचे उलटे: तो घासून बारीक करायचा आणि बेअरिंगे जाड घ्यायची. ब्लॉकला चीर गेली असेल तर मात्र बहुधा सारी चर्चा तिथेच संपते.

म्हणजे ‘खोलावे की बदलावे’ याचे उत्तर इंजिन खोलून मापे घेतल्यावाचून मिळत नाही. विमानाच्या कामात हे मापन धर्मकृत्यासारखे कडक असते. इंजिनाने ठरलेले तास भरले की ते चांगले चालत असले तरी उतरवायचे, सुटे करायचे, धुवायचे, प्रत्येक भाग मापाला लावायचा, पोलादी भागांवर चुंबकाने लोहचूर्ण बसवून डोळ्यांना न दिसणारी चीर शोधायची. मालमोटारीचा मालक इंजिन बंद पडेपर्यंत वाट पाहतो, कारण ती बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभी राहते. विमानाला कडेला उभे राहता येत नाही.

या विद्येची खरी कसोटी युद्धानंतर लागली. भाडेपट्टा-करारान्वये मिळालेली अमेरिकन विमाने ब्रिटिशांनी एकतर परत करावयाची होती किंवा नष्ट करावयाची होती. कानपूरच्या तळावर लिबरेटर विमानांची रांगच्या रांग अशी निकामी करण्यात आली. उपकरणांवर कुदळी चालविल्या, चालत्या इंजिनांत वाळू ओतली, असे त्या प्रकरणाविषयी लिहिले गेले आहे. कागदोपत्री ही विमाने मेलेली होती. याहून पक्के निर्लेखन ते कोणते?

स्वतंत्र भारताला जड बाँबफेकी विमाने हवी होती आणि विकत घेण्यास सहजी मिळत नव्हती. तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्टचे कारागीर कानपुरास गेले. एका विमानाचे चांगले भाग दुसऱ्यास लावून त्यांनी एकेक विमान फक्त बंगळूरपर्यंत उडेल इतकेच तयार केले, आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती सुमारे दीड हजार किलोमीटर उडवीत आणली. खरी पुनर्बांधणी बंगळुरास झाली. चाळीसच्या वर विमाने अशी उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाईदलाची पाचवी तुकडी त्यांच्यावर उभारली गेली. या पराक्रमास ‘जुगाड’ म्हणण्याची हल्ली एक हौस आहे. मला तो शब्द रुचत नाही. वर्षानुवर्षे समुद्रावर गस्त घालणारे विमान तारेने बांधून चालत नाही.

इकडे रस्त्यावर वेगळे नाटक चालले होते. युद्ध संपताच डिस्पोजलमधून विकल्या गेलेल्या लष्करी मालमोटारी खाजगी वाहतुकीत शिरल्या. बहुतेक अमेरिकन, पेट्रोलवर चालणाऱ्या आणि तहानलेल्या. वालचंदांनी १९४४ मध्ये स्थापिलेली प्रीमियर कंपनी मुंबईत डॉज आणि फार्गो गाड्या जोडू लागली होती. परंतु १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरविले की ज्यांना येथे भाग बनवावयाचे नाहीत त्यांनी नुसती जोडणी करू नये, आणि १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये ते काम थांबविले. शेव्हरोलेटच्या मालकाच्या दृष्टीने इंजिन तेच, झीजही तीच. पण पिस्टन आणणारा निघून गेला. त्यात १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई आली. मग पेट्रोलचे इंजिन उतरवून त्याच्या जागी मद्रासच्या सिंप्सन कंपनीचे पर्किन्स डिझेल बसविण्याकडे अनेकांचा कल झाला. टाटांनी १९५४ मध्ये जमशेदपुरास मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने डिझेल मालमोटारी सुरू केल्या होत्या, आणि डिझेलचे इंधनपंप बनविणारा मायको कारखाना आडुगोडीत, म्हणजे बेळ्ळंदूरहून काही मैलांवर, उभा राहिला होता. मैलामागे इंधनाचा खर्च इतका उतरत होता की चांगले पेट्रोल इंजिनही बदलणे शहाणपणाचे ठरावे. इथे खोलणाऱ्याचा पक्ष हरला, आणि रास्तपणे हरला, असेच मी म्हणेन.

एकाच दशकात, विमानाच्या बाबतीत खोलणे आणि मालमोटारीच्या बाबतीत बदलणे, अशी दोन उलट उत्तरे का निघाली? लिबरेटरला पर्याय नव्हता आणि मापे घेणारे हात तयार होते. शेव्हरोलेटला पर्याय होता आणि सुटे भाग नव्हते. लोखंडाची स्थिती हा यातला एक मुद्दा, तोही पुष्कळदा दुय्यम. आज त्यात कायद्याचीही भर पडली आहे. एप्रिल २०२० पासून विक्रीच्या नव्या वाहनांना भारत-सहा मानके लागू झाली, २०२१ मध्ये वाहने मोडीत काढण्याचे धोरण आले, आणि इंजिन बदलले तर त्याचा क्रमांक नोंदणीपुस्तकात चढवावा लागतो. जयचामराजेंद्र रस्त्यावर भाग शोधीत फिरणाऱ्या मालकाला आता मिस्त्रीइतकाच परिवहन कार्यालयातला कारकूनही महत्त्वाचा झाला आहे. आपणांपैकी काहीजण त्या खुर्चीच्या बाजूचे असल्याने हे सांगताना थोडा संकोच वाटतो.

भारतीय हवाईदलाने लिबरेटर १९६८ मध्ये निवृत्त केली. तोवर अमेरिकेत, जिथे ती हजारोंनी बनली होती, बहुतेक वितळविली गेली होती. त्यामुळे जगभरच्या संग्रहालयांनी भारताकडे मागणी केली. एक विमान ब्रिटिश हवाईदलाच्या संग्रहालयात गेले, एक ॲरिझोनातील टुसॉनला. आणखी एक अमेरिकेतील एका प्रतिष्ठानाने घेतले, पुन्हा सगळे सुटे केले, आणि १९८९ मध्ये ते चारही इंजिनांवर उडाले.