कोडी रचणारा नाटककार: ब्रॉडवे, शब्दकोडे आणि स्टीफन सॉन्डहाइम

१९२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एक संगीत-विनोदी कार्यक्रम आला. नाव होते ‘पझल्स ऑफ १९२५’, आणि त्याची सूत्रे एल्सी जॅनिस या त्या काळच्या लोकप्रिय अभिनेत्रीच्या हाती होती. त्यातला एक प्रवेश चक्क एका आरोग्यधामात घडत असे. तिथले रुग्ण कोणत्याही साथीने आजारी नव्हते. शब्दकोड्यांनी त्यांचे डोके फिरवले होते.

प्रेक्षागृहात हशा पिकला तो उगाच नव्हे. समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी तोच आजार होता.

या वेडाचे मूळ १९१३ मध्ये सापडते. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला आर्थर विन नावाचा पत्रकार ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात काम करी. २१ डिसेंबर १९१३ च्या अंकासाठी त्याने हिऱ्याच्या आकाराची एक चौकट आखली आणि वाचकांना ती शब्दांनी भरायला सांगितली. पुढची दहा वर्षे हा खेळ रविवारच्या पुरवणीपुरता राहिला. १९२४ मध्ये सायमन आणि शुस्टर या दोन तरुण प्रकाशकांनी कोड्यांचे पहिले पुस्तक काढले, सोबत एक पेन्सिलही जोडून दिली, आणि मग अमेरिकेला आवर राहिला नाही. एका रेल्वे कंपनीने प्रवाशांच्या सोयीसाठी गाड्यांत शब्दकोश ठेवले. रंगभूमी अशा संधी सोडत नसते, म्हणून लगेच पुढच्या वर्षी ते आरोग्यधाम रंगमंचावर उभे राहिले.

त्यानंतर ब्रॉडवे आणि शब्दकोडे यांचे नाते सुटले नाही. उलट ते बरेचसे चौकटीच्या गरजेतून घट्ट झाले. इंग्रजी कोडे रचणाऱ्याला स्वरांनी भरलेले छोटे शब्द सतत लागतात, आणि संगीतनाट्यांची शीर्षके नेमकी ती भूक भागवतात. ‘एव्हिटा’ या नावातल्या पाच रोमन अक्षरांपैकी तीन स्वर आहेत. ‘आयडा’मधल्या चारांपैकी तीन. ‘हेअर’, ‘मेम’, ‘अ‍ॅनी’, ‘रेंट’ ही नावेही अशीच सोयीची. ज्यांनी आयुष्यात एकदाही ब्रॉडवेचे तिकीट काढले नाही, अशा असंख्य माणसांना ही शीर्षके केवळ कोड्यांमुळे तोंडपाठ असतात. हे भाग्य म्हणावे की दुर्दैव, हा प्रश्न वेगळा.

पण रिकाम्या चौकटीत शीर्षक बसवणे ही झाली भरती. खरी गंमत आहे ती शीर्षकाशी खेळण्यात, आणि तो खेळ अमेरिकेचा नव्हता. तो इंग्लंडमध्ये घडला.

इंग्लंडमध्ये एडवर्ड पॉइस मॅथर्स हा कवी-अनुवादक ‘टॉर्केमाडा’ हे टोपणनाव घेऊन १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी रचू लागला. टॉर्केमाडा हे स्पेनच्या धर्मन्यायपीठाच्या कुप्रसिद्ध प्रमुखाचे नाव. कोडे सोडवणाऱ्याचा छळ करण्याचा इरादा त्याने नावातच जाहीर केला होता म्हणायचे! त्याच्या मागून १९३९ मध्ये आलेल्या डेरिक मॅक्नट याने ‘झिमेनेझ’ हे दुसऱ्या एका धर्मन्यायाधीशाचे नाव घेतले आणि या छळाला नियम घालून दिले. सूत्राने सोडवणाऱ्याला फसवावे, पण त्याच्याशी खोटे बोलू नये, हा त्या नियमांचा गाभा होता.

हे गूढसूत्र कसे चालते, ते मराठी उदाहरणाने चटकन उमगेल. समजा, सूत्र असे आहे: ‘गळ्याला अनादर चिकटला की खाडिलकरांचे नाटक (५ अक्षरे)’. वरवर वाचले तर काहीच बोध होत नाही. पण गळा म्हणजे मान, अनादर म्हणजे अपमान, आणि दोन्हींचा संधी केला की १९११ चे ‘मानापमान’ समोर उभे राहते. सूत्राच्या एका टोकाला सरळ अर्थ असतो, उरलेल्या भागात शब्दाची मोडतोड. उत्तर दोन्ही वाटांनी पडताळता येते. श्लेष, प्रहेलिका आणि कूटश्लोक ज्यांच्या परंपरेत आहेत त्यांना हे परके वाटू नये.

ब्रॉडवेची शीर्षके या खेळात फार रसाळ ठरतात. १९८२ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘कॅट्स’ची चार रोमन अक्षरे विस्कटली की ‘कास्ट’ म्हणजे नटसंच मिळतो, पुन्हा विस्कटली की ‘अ‍ॅक्ट्स’ म्हणजे नाटकाचे अंक. मांजरांच्या पोटात अख्खे नाटक दडलेले आहे. जोनाथन लार्सनच्या १९९६ च्या ‘रेंट’ला तर अक्षरे हलवण्याचीही गरज नाही. त्या शब्दाचा एक अर्थ घरभाडे, दुसरा अर्थ फाटलेले, चिरलेले. भाडे थकलेल्या आणि मृत्यूच्या छायेत जगणाऱ्या तरुणांच्या त्या कथेला दोन्ही अर्थ सारखेच लागू पडतात.

ही ब्रिटिश कला अमेरिकन वाचकांत रुजवण्यात ज्याचा वाटा सर्वांत ठळक, तो माणूस स्वतःच ब्रॉडवेचा होता.

स्टीफन सॉन्डहाइम याचा जन्म २२ मार्च १९३० चा, न्यूयॉर्कचा. तो दहा वर्षांचा असताना आईवडिलांचा संसार मोडला. आईशी त्याचे कधीच जमले नाही. आधार मिळाला तो पेनसिल्व्हेनियातल्या शेजारी घरी, आणि त्या घराचा कर्ता होता ऑस्कर हॅमरस्टाइन, म्हणजे ‘ओक्लाहोमा!’चा गीतकार. मुलगा गणितात हुशार होता, पुढे संगीताकडे वळला. कोडे असो वा गाणे, विस्कळीत गोष्टींना सुसंगती देण्याची ओढ हेच दोन्हींचे मूळ, असे तो उत्तरायुष्यात मुलाखतींतून सांगत असे. ही ओढ कुठून आली असेल, हे त्याचे बालपण पाहिल्यावर फार शोधावे लागत नाही.

१९५७ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ची गीते लिहिताना त्याचे वय सत्तावीस होते आणि संगीतकार होता लिओनार्ड बर्नस्टाइन. लंडनहून येणाऱ्या ‘द लिसनर’ या बीबीसीच्या साप्ताहिकातले कोडे त्या काळातले सर्वांत अवघड मानले जाई. हे दोघे ते एकत्र बसून सोडवत. एकीकडे विसाव्या शतकातले एक महत्त्वाचे संगीतनाट्य आकार घेत होते आणि दुसरीकडे त्याचे कर्ते आडव्या-उभ्या सूत्रांवर डोके खाजवत होते.

एप्रिल १९६८ मध्ये ‘न्यूयॉर्क’ हे नवे साप्ताहिक निघाले. पहिल्याच अंकात सॉन्डहाइमने खरे शब्दकोडे कसे सोडवावे यावर लेख लिहिला. लेखाच्या लांबलचक शीर्षकात त्याने अमेरिकन कोड्यांची खिल्ली उडवली होती: पूर्वेकडच्या सुपारीला चार अक्षरी शब्द कोणता, आणि त्याची फिकीर कोणाला? (कोकणातला वाचक म्हणेल, आम्हाला!) सुपारी हे निमित्त होते. त्याचा आक्षेप असा की अमेरिकन कोडे केवळ माहिती विचारते. शब्द ठाऊक असेल तर तो लिहायचा, नसेल तर कोश उघडायचा. यात बुद्धीला काम नाही आणि गंमतही नाही. ब्रिटिश सूत्रात मात्र रचणारा आणि सोडवणारा यांच्यात द्वंद्व असते, आणि शेवटी हरण्यातही आनंद मिळतो.

तो केवळ लेख लिहून थांबला नाही. १९६८ आणि १९६९ या काळात त्याने त्या साप्ताहिकासाठी चाळीसहून अधिक गूढकोडी रचली. पुढे १९८० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. अमेरिकन नियतकालिकांत आज गूढकोड्यांची जी छोटी पण हट्टी परंपरा टिकून आहे, तिच्या मुळाशी ही दोन वर्षे आहेत.

१९६८ च्या हॅलोविनला त्याने आणि अभिनेता अँथनी पर्किन्सने मित्रमंडळींसाठी मॅनहॅटनभर संकेतशोधाचा खेळ आखला. पाहुण्यांचे गट मोटारींतून शहर पालथे घालत राहिले. त्यात दिग्दर्शक हर्बर्ट रॉसही होता. या कल्पनेतून ‘द लास्ट ऑफ शीला’ हा रहस्यपट १९७३ मध्ये आला. पटकथा सॉन्डहाइम आणि पर्किन्स यांची, दिग्दर्शन रॉसचे.

कोड्यांचे काम त्याने सोडले ते ‘कंपनी’ या संगीतनाट्यासाठी. एप्रिल १९७० मध्ये ते रंगमंचावर आले. शीर्षक पाहिले तर कोडेकार कुठे गेलाच नव्हता असे वाटते. इंग्रजीत ‘कंपनी’ म्हणजे सोबत, घरी आलेली पाहुणेमंडळी, आणि नटांचा संचही. हा शेवटचा अर्थ ‘नाटक कंपनी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला सांगावा लागत नाही. नाटकाचा नायक पस्तिशीचा अविवाहित गृहस्थ, भोवती जोडपीच जोडपी, आणि त्याला नेमकी कोणती ‘कंपनी’ हवी आहे हे नाटकभर न सुटणारे सूत्र. १९७६ च्या ‘पॅसिफिक ओव्हर्चर्स’मध्येही असाच श्लेष आहे: प्रशांत महासागर आणि शांततामय, संगीताची नांदी आणि मुत्सद्द्याचा प्रस्ताव. जपानच्या किनाऱ्यावर अमेरिकन युद्धनौका येऊन ठेपल्याची ती कथा आहे, त्यामुळे ‘शांततामय’ हा अर्थ बोचतो.

सॉन्डहाइमवर एक आरोप आयुष्यभर होत राहिला: हा माणूस अति हुशार आहे, याच्या गाण्यांत डोके आहे, काळीज नाही. कोड्यांचा छंद त्या आरोपाला पुरावा म्हणून जोडला जाई. आरोप अगदीच निराधार म्हणता येत नाही, कारण त्याचा पहिला फिर्यादी तोच होता. ‘वेस्ट साइड स्टोरी’तल्या ‘आय फील प्रिटी’ या गाण्यात त्याने प्वेर्तो रिकोहून आलेल्या साध्या मुलीच्या तोंडी इतके चतुर अंतर्यमक घातले की ती एखाद्या उच्चभ्रू दिवाणखान्यातली वाटू लागली. चूक ध्यानात आल्यावर त्याने सोपी आवृत्ती लिहून नेली. सहकाऱ्यांना मात्र पहिलीच आवडली होती, तीच राहिली, आणि जगभर गाजली. पुढे दशकानुदशके त्याला या गाण्याची लाज वाटत असे. शब्दखेळ पात्राच्या तोंडी शोभतो की फक्त लेखकाची हुशारी मिरवतो, हा निकष तो इतरांना लावण्याआधी स्वतःला लावत होता.

दुसरीकडे, यमकाच्या बाबतीत त्याने कधी तडजोड केली नाही. जवळपास जुळणारा ध्वनी म्हणजे यमक नव्हे, असे तो ठणकावून सांगे. झिमेनेझने सूत्रांसाठी जो सचोटीचा दंडक घातला, तोच हा. श्रोत्याला चकवा द्यावा, पण हिशेब चोख असावा. ‘डोके की काळीज’ ही वाटणी त्यामुळे फारशी टिकत नाही: १९७९ च्या ‘स्वीनी टॉड’मध्ये सर्वांत क्रूर क्षणी सर्वांत चपखल यमके येतात, आणि प्रेक्षक हसता हसता शहारतो.

‘न्यूयॉर्क’मधली त्याची गादी चालवली ती रिचर्ड मॉल्टबी याने, आणि हाही रंगभूमीचाच माणूस. त्याने कल्पिलेले आणि दिग्दर्शित केलेले ‘एन्ट मिसबिहेविन’ १९७८ मध्ये ब्रॉडवेवर आले, ‘मिस सायगॉन’च्या गीतकारांतही त्याचे नाव आहे. १९७६ पासून ‘हार्पर्स’ मासिकात त्याची गूढकोडी येऊ लागली. गाण्याची ओळ ठरलेल्या सुरावटीत बसवणे आणि शब्द ठरलेल्या चौकटीत बसवणे, दोन्ही कामांना एकच हात लागतो असे दिसते.

स्टीफन सॉन्डहाइम या नावाच्या पंधरा रोमन अक्षरांची फेररचना केली तर इंग्रजीत ‘ही पेन्स डेमन हिट्स’ असे वाक्य तयार होते. अर्थ ढोबळमानाने असा की हा राक्षसी गाजणाऱ्या गोष्टी लिहितो.

२६ नोव्हेंबर २०२१ रोजी तो वारला. २०२२ च्या ‘ग्लास ओनियन’ या रहस्यपटावर ‘द लास्ट ऑफ शीला’ची छाया स्पष्ट आहे. त्यात सॉन्डहाइम क्षणभर दिसतो. १९६४ मध्ये त्याच्याच ‘एनीवन कॅन व्हिसल’मधून ब्रॉडवेच्या संगीतनाट्यात पदार्पण केलेली अँजेला लॅन्सबरीही त्याच प्रसंगात आहे. दोघे संगणकाच्या पडद्यावर मित्रांसोबत एक खेळ खेळत आहेत, लपलेला मारेकरी ओळखण्याचा.