जमिनीसोबत येणाऱ्या मेंढ्या

गटाच्या कर्जातून मेंढ्या घ्यायच्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो, दोन दाती घ्यायची की चार दाती? चार-पाच वेतं झालेली मेंढी कुणालाच नको असते, ती सरळ खाटकाकडे जाते. आज मी अशा मुलखाचा इतिहास सांगणार आहे, जिथे वय झालेल्या मेंढीला मोल आहे. तो मुलूख म्हणजे इंग्लंडच्या वायव्येचा लेक डिस्ट्रिक्ट. उंच डोंगर, भरपूर पाऊस आणि बोचरा वारा.

तिथली मेंढी हर्डविक जातीची. कोकरू जन्मतं काळं आणि वयाबरोबर राखाडी होत जातं. वरच्या डोंगरावर कुंपण नाही. अनेकांचे कळप एकाच सामाईक रानात चरतात, तरी प्रत्येक कळप आपल्या टापूतच राहतो. मागे कधीतरी मेंढपाळांनी राखण करून ती हद्द लावली आणि पुढे आईने लेकीला दिली. कोकरू आईमागे फिरतं, पाणी कुठे, वादळात आडोसा कुठे हे बघतं, आणि मोठं झालं की तिथेच चरतं. या ओळखीला तिकडे ‘हेफ्ट’ म्हणतात.

त्यामुळे शेत दुसऱ्या कुळाकडे गेलं तरी कळप तिथेच ठेवायची रीत पडली. नव्या कुळाला मेंढ्या वयवार मोजून मिळतात आणि सोडून जाताना तेवढ्याच, त्याच प्रतीच्या परत द्याव्या लागतात. मधला वाढावा त्याचा. आपल्याकडे वाट्याने शेळी देतात त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे जनावर घर बदलतं आणि तिथे माणूस!

ही रीत जपणाऱ्यांत एक बाई होती, बिअट्रिक्स पॉटर. लहान मुलांच्या गोष्टी लिहून, त्यांची चित्रं काढून ती प्रसिद्ध झाली होती. लंडनच्या सुखवस्तू घरातल्या या बाईने 1905 मध्ये हिल टॉप नावाचं शेत विकत घेतलं. 1923 मध्ये ट्राउटबेक पार्क हे मोठं डोंगरी शेत घेतलं. मुरलेले मेंढपाळ कामाला ठेवले, स्वतः चिखलात उतरली, प्रदर्शनात मेंढ्यांची परीक्षक झाली. शेवटी हर्डविक पाळणाऱ्यांच्या संघटनेने तिला अध्यक्ष निवडलं. पदावर बसण्याआधीच, डिसेंबर 1943 मध्ये ती वारली. 4,000 एकरांहून जास्त जमीन तिने नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलं, डोंगरी शेतांवरचे कळप शुद्ध हर्डविकचेच राहावेत. जमिनीबरोबर मेंढ्यांची सोय लावणारी बाई मला फार हुशार वाटते.

2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकत पसरली आणि 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. हा भाग ज्या कंब्रिया जिल्ह्यात येतो, तिथे सगळ्यात मोठा फटका बसला. पैसे देऊन नवी मेंढी आणता येते, पण तिला डोंगर माहीत नसतो. जिथे कळप गेले तिथे पुन्हा माणसं उभी करून राखण करावी लागली.

पण म्हातारी मेंढी कायम डोंगरावर ठेवत नाहीत. मेंढीला खालच्या जबड्यात पुढचे आठ दात असतात आणि साधारण चार वर्षांत ते सगळे पक्के होतात. पुढे ते झिजतात, हलतात, पडतात. मग डोंगरावरचं आखूड, राठ गवत तिला तोडता येत नाही. म्हणून ब्रिटनच्या डोंगराळ भागांत चारेक वेतं झालेल्या मेंढ्या शरद ऋतूच्या बाजारात खालच्या शेतकऱ्यांना विकायची जुनी पद्धत आहे. खाली गवत मऊ, थंडी कमी. तिथे मोठ्या अंगाचा मेंढा लावून तिच्याकडून आणखी दोन-तीन वेतं घेतात. लहान शेतकऱ्याला ती तरुण मेंढीपेक्षा स्वस्त पडते, शिवाय ती विण्याला आणि कोकराला पाजण्याला सरावलेली असते.

आपल्या गटातल्या कुणाला अशी मेंढी घ्यायची असेल, तर तोंड उघडून दात बघाच, पण तिथेच थांबू नका. कास दोन्ही हातांनी दाबून बघा. गाठ लागली तर जुना कासदाह समजा, कोकरू उपाशी राहील. खूर बघा. दात पडलेल्या मेंढीला उघड्या माळावर सोडून भागत नाही, तिला कापलेला ओला चारा आणि भरडा दारातच द्यावा लागतो. तो खर्च किमतीत धरा आणि मगच भाव करा.