पिंपरीचीं औषधें आणि शब्दांची फोड

पुण्याजवळील पिंपरी येथें सन १९५४ मध्यें सरकारी मालकीची ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ ही कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षीं, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें उभारलेल्या तेथील कारखान्यांत पेनिसिलिन तयार होऊं लागलें. औषधांबरोबर त्यांचीं लांबलचक इंग्रजी नांवेंही मराठी घरांत शिरलीं. असा शब्द आपलासा करण्याचे मार्ग दोन: एक उच्चाराचा, दुसरा अर्थाचा. हे दोन मार्ग नेहमीं एक नसतात, हें पुष्कळदां विद्यार्थ्याला कोणी सांगतच नाहीं.

‘अँटिबायॉटिक’ हाच शब्द श्रोत्यांनीं घ्यावा. उच्चाराप्रमाणें त्याचे अँ-टि-बाय्-ऑट्-इक् असे पांच तुकडे पडतात. जिभेची सोय होते खरी. परंतु ‘बायो’ मधोमध चिरला जाऊन अर्थ निसटतो. घडणीप्रमाणें पाहिल्यास ‘अँटि’ म्हणजे विरुद्ध, ग्रीक ‘बायॉस’ म्हणजे जीवन, आणि शेवटीं विशेषणाचा प्रत्यय, असे अवयव दिसतात. मराठी ‘प्रतिजैविक’ हा शब्द याच सांध्यांवर बेतलेला आहे. ‘इक’ लागतांच ‘जीव’चें ‘जैव’ कसें होतें, हें ज्यानें शाळेंत व्याकरण शिकतांना पाहिलें, त्याला ही विद्या परकी नाहीं.

केवळ कानावर विसंबल्यास फसगतही होते. ‘पेनिसिलिन’च्या आरंभीं ‘पेन’ ऐकूं येतें. पण लिहावयाचें पेन लॅटिन ‘पेन्ना’ म्हणजे पीस, यापासून आलें. त्याचा येथें संबंध नाहीं. नातें आहे तें पेन्सिलीशीं! लॅटिन ‘पेनिसिलस’ म्हणजे लहान कुंचला. त्यावरून पेन्सिल आली, आणि कुंचल्यासारख्या दिसणाऱ्या बुरशीलाही ‘पेनिसिलियम’ हें नांव पडलें. त्या बुरशीचा जंतुनाशक गुण अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्यें आढळला; तिच्या नांवावरूनच त्यांनीं ‘पेनिसिलिन’ हा शब्द बनविला.

पिंपरीनेंही या कोशांत भर घातली आहे. १९६१ मध्यें तेथील शास्त्रज्ञ तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं ‘हामायसिन’ हें बुरशीनाशक प्रतिजैविक प्रसिद्धीस आणलें. त्यांतील ‘हा’ म्हणजे कंपनीच्या नांवाचीं इंग्रजी आद्याक्षरें. ‘मायसिन’मध्यें बुरशीवाचक ग्रीक शब्द आहे. तें ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालें, त्याचें शास्त्रीय नांव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. ‘स्ट्रेप्टॉस’ म्हणजे पिळदार, ‘मायसिस’ म्हणजे बुरशी, आणि ‘पिंप्रिना’ म्हणजे पिंपरीचा.

स्पेलिंग घोकणाऱ्या मुलाला हें नांव म्हणजे अक्षरांची लांब माळ वाटेल, आणि परीक्षा संपतांच तो तें विसरेल. त्याच मुलाला शब्दाचे सांधे दाखवावे. म्हणजे ग्रीक-लॅटिनच्या त्या गर्दींत पुणें जिल्ह्यांतलें एक ओळखीचें गांव त्याचें त्यालाच सांपडेल.