'वाइडन' : अर्थ, उपयोग आणि 'रुंदीकरण'

'वाइडन' हे इंग्रजीतील नित्य वापरातले क्रियापद आहे. 'वाइड' म्हणजे रुंद. या विशेषणाला 'एन' हा प्रत्यय लागून ते सिद्ध झाले. खोल करण्यासाठी 'डीपन' आणि आखूड करण्यासाठी 'शॉर्टन' ही क्रियापदेही याच रीतीने बनली आहेत. रस्त्यांच्या संदर्भात त्याला मराठीत 'रुंदीकरण' हा प्रतिशब्द रूढ झाला असून पत्रादेवी येथे गोव्यात शिरणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ मुळे पेडणे तालुक्याला तो चांगलाच परिचयाचा आहे.

इंग्रजीत हे क्रियापद सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही प्रकारे चालते. मराठीत त्यासाठी 'रुंद करणे' आणि 'रुंद होणे' असे दोन प्रयोग करावे लागतात. मोरजीजवळ समुद्राला मिळताना शापोरा नदी रुंद होते. ते निसर्गाचे काम. रस्ता मात्र कोणीतरी रुंद करतो. 'रस्ता रुंद होणार आहे' या वाक्यात करणारा दिसत नाही. 'खाते रस्ता रुंद करणार आहे' असे लिहिले की तो दिसतो. मतभेदांची दरी वाढते तेव्हा 'रुंदावणे' हे क्रियापद शोभते.

जवळच्या अर्थाच्या शब्दांतील भेदही ध्यानी घ्यावा. 'ब्रॉडन' बहुधा विचार, अनुभव यांबाबत येते. तेथे 'व्यापक करणे' योग्य. 'एक्सपांड' म्हणजे सर्व अंगांनी वाढणे, अर्थात विस्तारणे. 'एक्स्टेंड' म्हणजे पुढे नेणे किंवा मुदत वाढवणे. डिचोली किंवा साखळीतील नदीचा गाळ उपसला, तर पात्र खोल होते. काठ मागे सारले, तर ते रुंद होते. पहिल्या कामात काठावरची बागायत राहते, दुसऱ्यात ती जाऊ शकते.

'-ीकरण' हा शब्दांश संस्कृतातील 'च्वि' प्रत्ययाच्या घडणीतून आला. जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे, असा त्याचा अर्थ. म्हणून अरुंद रस्त्याचे रुंदीकरण हा प्रयोग यथार्थ ठरतो. 'विस्तार' या शब्दात मात्र कृती आधीच आलेली असल्याने 'विस्तारीकरण' लिहिण्याचे प्रयोजन उरत नाही. 'चौपदरीकरण' मार्गिकांची संख्या सांगते. 'रुंदीकरण' ती सांगत नाही. दाट वस्ती टाळून काढलेला 'बगलमार्ग' हे तर रुंदीकरणच नव्हे. तो पूर्वी रस्ता नसलेल्या जमिनीतून जातो.

हा भेद केवळ शब्दकोशापुरता नाही. राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ नुसार भूसंपादनाचा इरादा प्रथम राजपत्रात प्रसिद्ध होतो. त्याचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावा लागतो व त्यांपैकी एक वृत्तपत्र देशी भाषेतील असावे लागते. त्या जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला लेखी हरकत घेण्यासाठी २१ दिवस मिळतात; ते राजपत्रातील प्रसिद्धीपासून मोजले जातात, वृत्तपत्र हाती आल्यापासून नव्हे. हरकत घेणाऱ्यास स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडता येते. त्यानंतरची घोषणा राजपत्रात प्रसिद्ध झाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार होणाऱ्या संपादनात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवसांची मुदत आहे.

म्हणून सूचनेत 'रुंदीकरण' हा शब्द दिसताच रस्त्याची आजची रुंदी किती, नियोजित रुंदी किती आणि वाढ कोणत्या बाजूला, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यानंतर सूचनेतील सर्व्हे क्रमांक व क्षेत्रफळ आपल्या एक-चौदा उताऱ्याशी ताडून पाहावे. रस्ता रुंद होणार, हे क्रियापद सांगते. कोणाचे अंगण तेवढे अरुंद होणार, हे त्या आकड्यांतूनच कळते.