विंडोज ८ : घोषणा आणि प्रारंभिक प्रतिक्रिया

विंडोज ८ ही मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने विकसित केलेली संगणक संचालन प्रणाली आहे. तिचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक १ जून २०११ रोजी झाले आणि २६ ऑक्टोबर २०१२ रोजी ती सर्वसामान्यांसाठी विक्रीस आली. या सुमारे १७ महिन्यांच्या काळात तिच्या तीन चाचणी आवृत्त्या लोकांच्या हाती आल्या व त्यांवर मोठ्या प्रमाणावर मतप्रदर्शन झाले. टॅबलेटवर ही प्रणाली पाहणाऱ्यांना ती वेगवान व आकर्षक वाटली, तर माउस आणि कळफलकाच्या साहाय्याने काम करणाऱ्यांपैकी अनेकांना ती गोंधळात टाकणारी वाटली. चाचणीच्या काळात घेतल्या गेलेल्या अनेक आक्षेपांची दखल पुढे विंडोज ८.१ आणि विंडोज १० या आवृत्त्यांमध्ये घ्यावी लागली.

पार्श्वभूमी

ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ या प्रणालीने पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ हे बटण आणले. पुढील प्रत्येक प्रमुख आवृत्तीत ते कायम राहिले. कार्यक्रम उघडणे, फाइल शोधणे व संगणक बंद करणे ही कामे तेथूनच करण्याची सवय वापरकर्त्यांच्या एका संपूर्ण पिढीला लागली. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ चे चांगले स्वागत झाले होते. त्यामुळे मूळ रचनेत बदल करण्याची निकड डेस्कटॉपच्या वापरातून निर्माण झालेली नव्हती.

ही निकड बाहेरून आली. २०१० मध्ये ॲपल कंपनीचा आयपॅड बाजारात आला आणि बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या टॅबलेट संगणकांची मागणी वाढू लागली. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी विंडोज फोन ७ या मोबाईल प्रणालीत चौकोनी, सपाट रंगांच्या आणि स्वतःहून ताजी माहिती दाखवणाऱ्या टाइल्सची रचना वापरली होती. ही रचना ‘मेट्रो’ या नावाने ओळखली जाई. जानेवारी २०११ मध्ये लास व्हेगास येथील ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात कंपनीने विंडोजची पुढील आवृत्ती एआरएम प्रकारच्या प्रक्रियकांवरही चालेल, असे जाहीर केले. टॅबलेट व मोबाईल फोनमध्ये प्रामुख्याने याच प्रकारचे प्रक्रियक वापरले जात.

पहिले प्रात्यक्षिक

१ जून २०११ रोजी कॅलिफोर्नियातील एका परिषदेत स्टीव्हन सिनोफ्स्की आणि ज्युली लार्सन-ग्रीन यांनी नवी प्रणाली प्रथमच जाहीरपणे दाखवली. संगणक सुरू होताच नेहमीच्या डेस्कटॉपऐवजी संपूर्ण पडदा व्यापणाऱ्या टाइल्स दिसत होत्या. बोटाने त्या बाजूला सरकवता येत आणि दोन कार्यक्रम शेजारी शेजारी ठेवता येत. विंडोजचे जुने कार्यक्रम चालवायचे झाल्यास एका टाइलमधून परिचित डेस्कटॉप उघडत असे. एकच प्रणाली टॅबलेट आणि डेस्कटॉप अशा दोन्ही प्रकारच्या संगणकांवर चालेल, ही या घोषणेमागील मध्यवर्ती कल्पना होती.

सप्टेंबर २०११ मध्ये अनाहाइम येथील ‘बिल्ड’ परिषदेत ‘डेव्हलपर प्रिव्ह्यू’ ही पहिली चाचणी आवृत्ती प्रसिद्ध झाली. परिषदेस उपस्थित असलेल्या विकासकांना ही आवृत्ती घातलेले सॅमसंग कंपनीचे टॅबलेट देण्यात आले. त्यामुळे आरंभीच्या परीक्षणांपैकी अनेक परीक्षणे टॅबलेट हातात घेऊन लिहिली गेली. त्यांत हालचालींचा सहजपणा, टाइल्सची मांडणी आणि संगणक सुरू होण्याचा वेग यांचे कौतुक झाले. संगणक बंद करताना प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवण्याच्या नव्या पद्धतीमुळे पुन्हा सुरू होण्यास कमी वेळ लागत असे.

स्टार्ट बटणाविषयीचा वाद

डेव्हलपर प्रिव्ह्यूमध्ये स्टार्ट बटण शिल्लक होते, परंतु त्यावर टिचकी मारल्यास जुनी यादी न उघडता टाइल्सचा पडदा उघडत असे. प्रणालीच्या अंतर्गत नोंदींतील एक मूल्य बदलून जुनी यादी परत मिळवण्याची युक्ती जाणकारांनी शोधून काढली. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बार्सिलोना येथे प्रसिद्ध झालेल्या ‘कन्झ्युमर प्रिव्ह्यू’ या दुसऱ्या चाचणी आवृत्तीत मात्र ही युक्ती चालेनाशी झाली आणि स्टार्ट बटणही काढून टाकण्यात आले. ही आवृत्ती पहिल्याच दिवशी दहा लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतली गेली. घरातील व कार्यालयातील नेहमीच्या संगणकांवर नवी प्रणाली चालवून पाहणाऱ्यांची संख्या त्यामुळे एकदम वाढली.

या बदलामागील कारण मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०११ मध्येच स्पष्ट केले होते. वापरकर्त्यांच्या संगणकांवरून संमतीने गोळा केलेल्या माहितीनुसार विंडोज व्हिस्टाच्या तुलनेत विंडोज ७ मध्ये स्टार्ट यादीचा वापर ११ टक्क्यांनी घटला होता. नेहमीचे कार्यक्रम लोक टास्कबारवरूनच उघडू लागले होते. टीकाकारांचा मुद्दा वेगळा होता. एखाद्या सोयीचा वापर कमी झाला म्हणजे तिची गरज संपली असे होत नाही, आणि क्वचित लागणाऱ्या गोष्टी शोधण्यासाठीच लोक त्या यादीकडे वळतात, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रमुख आक्षेप

चाचणी आवृत्त्यांवरील टीका मुख्यतः पुढील बाबींविषयी होती.

दडलेली नियंत्रणे : शोध, सेटिंग यांसारखी महत्त्वाची साधने पडद्याच्या उजव्या कडेमागे लपलेली होती. माउसचा बाण कोपऱ्यात नेल्याशिवाय ती दिसत नसत आणि तसे करावे हे सुचवणारी कोणतीही खूण पडद्यावर नव्हती. संगणक बंद करण्यासाठी प्रथम कोपऱ्यात जाणे, मग सेटिंग उघडणे, त्यातील पॉवर हे चिन्ह दाबणे आणि शेवटी ‘बंद करा’ हा पर्याय निवडणे, असा क्रम पाळावा लागे.

दुहेरी रचना : टाइल्सचा पडदा व डेस्कटॉप यांचे नियम भिन्न होते. इंटरनेट एक्सप्लोरर दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या रूपांत होते. काही सेटिंग नव्या पडद्यावर, तर उरलेली जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये होती.

संपूर्ण पडदा व्यापणारे कार्यक्रम : मोठ्या पडद्यावर अनेक खिडक्या उघडून काम करणाऱ्यांना ही पद्धत गैरसोयीची वाटली.

सॉफ्टवेअर विक्रीवरील नियंत्रण : नव्या पद्धतीचे कार्यक्रम सर्वसाधारणपणे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज स्टोअरमधूनच मिळणार होते. संगणकीय खेळांच्या क्षेत्रातील व्हॉल्व्ह कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी जुलै २०१२ मध्ये ही प्रणाली संपूर्ण संगणक व्यवसायासाठी आपत्ती ठरेल, असे मत मांडले. व्हॉल्व्हने पुढे आपले ‘स्टीम’ हे विक्रीमंच लिनक्सवरही उपलब्ध केले.

डेस्कटॉपवरील अनेक सुधारणांचे मात्र टीकाकारांनीही स्वागत केले. नवा टास्क मॅनेजर, फाइल नकलण्याचा वेग आलेखाने दाखवणारी व मध्येच थांबवता येणारी खिडकी आणि प्रणालीतच अंतर्भूत असलेले विषाणूरोधक सॉफ्टवेअर यांचा त्यांत समावेश होता.

भारतीय भाषांच्या दृष्टीने

विंडोजच्या आधीच्या आवृत्त्यांत प्रत्येक भारतीय लिपीसाठी स्वतंत्र टंक वापरला जाई. देवनागरीसाठी ‘मंगल’ हा टंक होता. विंडोज ८ मध्ये ‘निर्मला यूआय’ हा नवा टंक आला. देवनागरीसह अनेक भारतीय लिप्या त्यात एकत्र असल्यामुळे पडद्यावरील मराठी, गुजराती, कन्नड इत्यादी भाषांतील मजकुरात दृश्य एकसारखेपणा आला. स्टार्ट बटणाच्या वादात या बदलाची फारशी चर्चा झाली नाही, परंतु पुढील आवृत्त्यांतही हा टंक कायम राहिला.

प्रकाशनानंतर

अंतिम आवृत्तीतही स्टार्ट बटण परत आले नाही. पहिल्यांदा संगणक सुरू करताना माउस कोपऱ्यात नेण्यास सांगणारे एक छोटे सचित्र निवेदन मात्र जोडण्यात आले. जुनी यादी परत मिळवून देणारी ‘क्लासिक शेल’ व ‘स्टार्ट८’ यांसारखी इतरांनी तयार केलेली सॉफ्टवेअर लोकप्रिय झाली. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये १२ अनुभवी वापरकर्त्यांच्या निरीक्षणावर आधारित निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन रचनांमुळे स्मरणावर पडणारा ताण, कोठे टिचकी मारता येते हे न कळणारी सपाट चिन्हे आणि पडद्यावरील माहितीचे अल्प प्रमाण हे दोष त्यांनी दाखवले. चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांच्या तक्रारींशी हे निष्कर्ष बऱ्याच अंशी जुळणारे होते.

विंडोज विभागाचे प्रमुख असलेले सिनोफ्स्की यांनी त्याच महिन्यात कंपनी सोडली. मे २०१३ पर्यंत विंडोज ८ चे १० कोटी परवाने विकले गेल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले. तथापि २०१३ च्या पहिल्या तिमाहीत जगभरातील संगणकांची विक्री आदल्या वर्षाच्या तुलनेत १३.९ टक्क्यांनी घटल्याचे आयडीसी या संस्थेने नोंदवले आणि नव्या प्रणालीमुळे बाजाराला उठाव मिळण्याऐवजी तो मंदावला, असे मत व्यक्त केले.

१७ ऑक्टोबर २०१३ रोजी आलेल्या विंडोज ८.१ मध्ये स्टार्ट बटण परत आले, मात्र त्यातून टाइल्सचाच पडदा उघडत असे. संगणक सुरू झाल्यावर थेट डेस्कटॉप उघडण्याची सोयही तीत देण्यात आली. जुलै २०१५ मधील विंडोज १० मध्ये स्टार्ट यादी टाइल्ससह पुन्हा आली आणि स्टोअरमधील कार्यक्रम सामान्य खिडक्यांत चालू लागले.

मूल्यमापन

प्रारंभिक प्रतिक्रिया म्हणजे बदलाला होणारा स्वाभाविक विरोध असून सवय झाल्यावर तो मावळतो, असा युक्तिवाद नव्या प्रणालींच्या बाबतीत नेहमी केला जातो. १९९५ मध्ये स्टार्ट बटणही नवेच होते. मात्र त्या बटणावर त्याचे नाव लिहिलेले होते आणि ते सतत डोळ्यांसमोर असे. विंडोज ८ मधील नवी नियंत्रणे दिसतच नसल्याने ती वापरून पाहून शिकण्याची संधी नवख्या वापरकर्त्याला सहजासहजी मिळत नसे. टॅबलेट हाती असलेल्या परीक्षकांचे कौतुक आणि डेस्कटॉप वापरणाऱ्यांची तक्रार या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी यथार्थ होत्या. दोन्ही गटांसाठी एकच रचना पुरेशी ठरेल, हे गृहीतक मात्र टिकले नाही.

विंडोज ८ साठीचे साहाय्य १२ जानेवारी २०१६ रोजी आणि विंडोज ८.१ साठीचे १० जानेवारी २०२३ रोजी संपुष्टात आले.