चुना पुन्हा दगड होतो

आजीच्या पानदानात चुन्याची डबी असे. अठराव्या शतकात निंबाळकरांनी करमाळ्यात कमलाभवानीचं देऊळ उभारलं, त्या काळी गवंड्यांचा भरवसाही चुन्यावरच होता. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरतो कळीचा चुना. पाणी घालताच तो उकळतो, फुलतो, विरतो. मग भिंतीत बसून हवेतला तोच वायू वर्षानुवर्षं परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. त्याच्या सांध्यांतून भिंतीतली ओलही बाहेर पडते. अशा जुन्या भिंतीवर सिमेंट थापलं, की ओल आत कोंडते आणि दगड पोखरतो. म्हणून मंडळी, वाडवडिलांच्या भिंतीची डागडुजी करताना आधी चुन्याचा जाणकार गवंडी शोधा.